विद्यापीठातील अध्यापन आणि संशोधन पदांसाठी अर्ज: जाहिरातीपासून रुजू होईपर्यंत

विद्यापीठाची जाहिरात प्रसिद्ध होते तेव्हा तिच्यामागचे बरेचसे काम आधीच झालेले असते. विभागाने पदाची गरज मांडलेली असते, वेतनाचा खर्च कोठून भागवायचा हे ठरलेले असते, आणि कोणती पात्रता अनिवार्य ठेवायची व कोणती इष्ट म्हणायची यावर चर्चा होऊन एकेक शब्द निश्चित झालेला असतो. पुढे अर्ज आले की छाननी समिती एक तक्ता तयार करते आणि त्या तक्त्यातील रकान्यांची शीर्षके बहुतेक वेळा याच शब्दांतून उचललेली असतात. म्हणून या क्षेत्रात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या उमेदवाराला माझे मुख्य सांगणे असे आहे की जाहिरात ही प्रश्नपत्रिका समजावी आणि अर्ज ही उत्तरपत्रिका. छाननीला बसलेलो असताना चांगल्या, कष्टाळू उमेदवारांचे अर्ज मागे पडताना मी अनेकदा पाहिले आहेत. त्यामागे गुणवत्तेची उणीव क्वचितच असते. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अर्जात सापडतच नाही, हे बहुधा खरे कारण असते.

पहिली पायरी: पदनामाचा अर्थ लावणे

एकच पदनाम वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या कामासाठी वापरले जाते, आणि नवख्या उमेदवाराचा पहिला गोंधळ येथेच होतो. ब्रिटनमधील ‘लेक्चरर’ हे पद साधारणपणे अध्यापन आणि संशोधन या दोन्ही जबाबदाऱ्यांचे, कायम नोकरीकडे नेणारे प्रवेशपद असते. अमेरिकेत त्याच नावाचे पद पुष्कळदा केवळ अध्यापनाचे आणि ठरावीक मुदतीचे असते. ब्रिटिश विद्यापीठांत ‘रिसर्च असिस्टंट’ म्हटले की सहसा पीएचडी नसलेला किंवा ती पूर्ण होत आलेली व्यक्ती अपेक्षित असते आणि ‘रिसर्च असोसिएट’ म्हटले की पीएचडी झालेली, हा भेद वेतनश्रेणीतही दिसतो. युरोपीय आयोगाने 2011 साली संशोधकांच्या कारकिर्दीचे आर-1 ते आर-4 असे चार टप्पे आखले. आर-1 म्हणजे पीएचडीपर्यंतचा काळ, आर-2 म्हणजे पीएचडी झालेला पण अद्याप स्वतंत्र नसलेला संशोधक, आर-3 म्हणजे स्वतंत्रपणे काम उभे करणारा आणि आर-4 म्हणजे त्या क्षेत्राचे नेतृत्व करणारा. युरोपातील अनेक जाहिरातींत हा टप्पा दिलेला असतो आणि पदनामापेक्षा त्यावरून पदाचा खरा दर्जा लवकर कळतो.

पीएचडीच्या जागेबाबतही असेच आहे. जर्मनीत पीएचडी करणारा संशोधक पुष्कळदा विद्यार्थी म्हणून नव्हे, तर पगारी कर्मचारी म्हणून नेमला जातो, त्याला टीव्ही-एल ई-13 ही वेतनश्रेणी मिळते, परंतु नेमणूक बहुधा पूर्ण वेळेच्या 50 ते 75 टक्के इतकीच असते. ही टक्केवारी जाहिरातीच्या एखाद्या ओळीत असते, आणि ती नजरेतून सुटली तर हाती येणाऱ्या रकमेचा अंदाज पार चुकतो. त्याच देशात 2007 च्या कायद्यानुसार पात्रता मिळवण्याच्या कारणास्तव दिलेल्या मुदती नेमणुकांना पीएचडीपूर्वी सहा वर्षे आणि पीएचडीनंतर सहा वर्षे अशी सर्वसाधारण मर्यादा आहे, वैद्यकशास्त्रात ती पीएचडीनंतर नऊ वर्षांची आहे. अमेरिकेतील ‘टेन्युअर ट्रॅक’ म्हणजे काही वर्षांच्या परीक्षणानंतर कायम होण्याची संधी असलेले पद. तेथील प्राध्यापकांच्या संघटनेने 1940 साली महाविद्यालयांच्या संघटनेबरोबर काढलेल्या निवेदनात हा परीक्षणकाळ सात वर्षांपेक्षा अधिक नसावा असे म्हटले आहे, आणि आजही बहुतेक संस्थांची मुदत त्याच्या आसपास असते.

भारतात सहायक प्राध्यापक पदाची किमान पात्रता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी ठरते. 18 जुलै 2018 च्या नियमांत पदव्युत्तर परीक्षेत किमान 55 टक्के गुणांची अट असून आरक्षित प्रवर्गांतील व दिव्यांग उमेदवारांना पाच टक्क्यांची सवलत आहे. त्याखेरीज नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा, अथवा ठरावीक निकषांनुसार मिळवलेली पीएचडी अपेक्षित आहे. पीएचडी सक्तीची करण्याची तरतूद मध्यंतरी झाली होती, परंतु 2023 च्या दुरुस्तीने नेट किंवा सेट ही सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीची किमान अट राहिली. त्याच 2018 च्या नियमांनुसार विद्यापीठातील या पदासाठी शैक्षणिक गुणांचा तक्ता केवळ मुलाखतीस बोलावण्यापुरता धरला जातो आणि अंतिम निवड मुलाखतीवर होते. ही एक गोष्ट जाणून घेतली, तर तक्त्यातील गुणांच्या भरवशावर मुलाखतीची तयारी सैल सोडण्याची चूक होत नाही.

दुसरी पायरी: कोठे आणि कधी शोधावे

या बाबतीत फार विस्ताराने लिहिण्याची गरज नाही. युरोपातील संशोधन पदांसाठी युरॅक्सेस, ब्रिटनमधील पदांसाठी जॉब्स डॉट एसी डॉट यूके, गणितासाठी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे मॅथजॉब्स आणि अर्थशास्त्रासाठी अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची ‘जॉब ओपनिंग्ज फॉर इकॉनॉमिस्ट्स’ ही यादी नेहमी वापरात आहे. तरीही प्रत्येक जाहिरात विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन ताडून पाहावी, कारण शुद्धिपत्रक निघाले तर ते तेथेच प्रथम लागते.

वेळापत्रक मात्र नीट लक्षात घ्यावे लागते. अमेरिकेतील टेन्युअर ट्रॅक पदांच्या जाहिराती साधारणपणे ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या दरम्यान येतात, मुलाखती हिवाळ्यात होतात आणि रुजू होणे पुढल्या ऑगस्ट-सप्टेंबरात असते, म्हणजे तयारी आणि नोकरी यांत जवळजवळ वर्षाचे अंतर पडते. प्रकल्पावरील पदे आणि पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या मुदती संशोधनाच्या) जागा निधी मंजूर होईल तशा वर्षभर निघत राहतात, आणि त्यांची मुदत कधी कधी दोन-तीन आठवड्यांचीच असते. अशा जागांसाठी जाहिरात आल्यावर तयारीला लागणाऱ्याच्या हाती वेळ उरत नाही. सीव्ही, संशोधनाचा गोषवारा आणि शिफारस देणाऱ्यांची नावे आधीपासून तयारच असावी लागतात.

तिसरी पायरी: जाहिरात ओळीओळीने वाचणे

संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे आणि तिलाच सर्वांत कमी वेळ दिला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. जाहिरात छापून घ्यावी, अनिवार्य अटींखाली एका रंगाची आणि इष्ट अटींखाली दुसऱ्या रंगाची रेघ मारावी, आणि प्रत्येक अटीसमोर समासात स्वतःचा पुरावा लिहावा. ‘संख्याशास्त्रीय विश्लेषणाचा अनुभव’ या अटीसमोर ‘आहे’ एवढेच लिहून भागत नाही. कोणत्या कामात, कोणत्या साधनाने, किती मोठ्या माहितीवर, आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे लिहावे. समासात लिहिण्याजोगे काहीच सुचत नसेल, तर ती अट आपण पूर्ण करत नाही हे त्याच वेळी समजते.

एक नमुना घेऊन पाहू. समजा जाहिरातीत असे लिहिले आहे: ‘प्रकल्पाचा कालावधी 24 महिने, नियुक्ती प्रथम 12 महिन्यांसाठी, कामगिरी आणि निधीच्या उपलब्धतेनुसार मुदतवाढ शक्य, पीएचडी प्राप्त किंवा रुजू होण्यापूर्वी प्राप्त होणारी, पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनात सहभाग अपेक्षित.’ या चार ओळींतून बरेच काही कळते. पगार विद्यापीठाच्या कायम अर्थसंकल्पातून नव्हे, तर प्रकल्पाच्या निधीतून मिळणार आहे. ‘शक्य’ या शब्दाने पहिल्या वर्षानंतरची हमी दिलेली नाही, म्हणून प्रकल्पाचा निधी पूर्ण 24 महिन्यांसाठी मंजूर आहे काय, हा प्रश्न मुलाखतीत विचारणे रास्त ठरते. प्रबंध सादर झाला असून मौखिक परीक्षा बाकी असलेला उमेदवार अर्ज करू शकतो, मात्र रुजू होण्याच्या तारखेपूर्वी पदवी हाती येईल याबद्दल विद्यापीठाचे पत्र त्याच्याजवळ असायला हवे. आणि मार्गदर्शनाचा उल्लेख शेवटी आला असला तरी तोही एक रकाना आहे. आपण एखाद्या कनिष्ठ विद्यार्थ्याला प्रयोग शिकवला असेल, तर ते लिहिण्याची हीच जागा आहे.

अर्ज करावा की नाही, याचा निर्णयही याच समासावरून घ्यावा. कायद्याने किंवा नियमाने घातलेली अट पूर्ण होत नसेल, तर कितीही सुंदर पत्र लिहिले तरी छाननी करणाऱ्याचे हात बांधलेले असतात. उदाहरणार्थ, युरोपातील मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी पोस्टडॉक फेलोशिपसाठी अंतिम तारखेच्या आधीच्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 महिन्यांहून अधिक काळ वास्तव्य किंवा मुख्य काम झालेले नसावे अशी अट आहे. तेथे एकेका महिन्याचा हिशेब होतो. पण अट अनुभवाची असेल आणि तुमचा अनुभव तिच्या जवळपासचा असेल, तर अर्ज जरूर करावा आणि तो अनुभव कसा लागू पडतो हे स्पष्ट लिहावे. इष्ट अटींपैकी निम्म्याच पूर्ण होतात म्हणून मागे हटण्याचे कारण नाही. सर्व अटींत बसणारा उमेदवार समितीलाही क्वचितच भेटतो.

चौथी पायरी: विभागाला लिहिणे

जाहिरातीत संपर्कासाठी एखाद्या प्राध्यापकाचे नाव दिले असेल, तर त्यांना लिहिण्यात गैर काही नाही, किंबहुना संशोधन पदांच्या बाबतीत ते अपेक्षितच असते. पत्र दहा-बारा ओळींचे असावे, त्यात तुमची ओळख दोन वाक्यांत असावी, आणि जाहिरातीत उत्तर नसलेला एकच नेमका प्रश्न असावा. ‘मी या पदासाठी योग्य आहे का, कृपया कळवावे’ असे विचारणारी पत्रे बहुतेक वेळा अनुत्तरित राहतात, कारण त्या प्रश्नाचे उत्तर समितीने द्यायचे असते. ‘प्रकल्पातील क्षेत्रकाम पहिल्याच वर्षी अपेक्षित आहे काय’ अशा प्रश्नाला मात्र उत्तर येते आणि ते अर्जात उपयोगी पडते. आठवडाभरात उत्तर आले नाही, तर एकदा आठवण करावी, त्याहून अधिक नको.

पाचवी पायरी: सीव्ही

नोकरीच्या बाजारात इतरत्र चालणारा एक-दोन पानी परिचय येथे पुरत नाही; विद्यापीठीय सीव्ही लांब चालतो, परंतु तो शोधण्यास सोपा असावा. शिक्षण, नेमणुका, प्रकाशने, निधी व पुरस्कार, अध्यापन, मार्गदर्शन, परिषदांतील सादरीकरणे, समीक्षेची कामे, हा क्रम सर्वमान्य आहे. अध्यापनाच्या पदासाठी अध्यापनाचा भाग वर घ्यावा. प्रकाशित, स्वीकृत, समीक्षेखालील आणि लेखनाधीन शोधनिबंध वेगवेगळ्या शीर्षकांखाली ठेवावेत. ते एकत्र मिसळल्यास संख्या मोठी दिसते खरी, पण जाणकार वाचकाच्या ते पहिल्याच पानावर ध्यानात येते आणि मग उरलेल्या नोंदींवरही त्याचा विश्वास राहत नाही.

लेखकांच्या क्रमाबद्दल एक ओळ जोडावी. जीवशास्त्रात पहिले नाव मुख्य काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळाप्रमुखाचे असते, गणितात नावे बहुधा वर्णानुक्रमे येतात, आणि निवड समितीत दुसऱ्या शाखेचा सदस्य असेल तर त्याला हे माहीत असेलच असे नाही. लेखकांच्या सहभागाची नोंद करण्यासाठी क्रेडिट नावाची 14 भूमिकांची वर्गवारी अनेक नियतकालिकांनी स्वीकारली आहे. त्या भाषेत आपला वाटा सांगणे सोयीचे पडते. ऑर्किड हा 16 अंकी ओळखक्रमांक 2012 पासून उपलब्ध आहे आणि तो मोफत मिळतो. एकाच नावाचे अनेक संशोधक असतात, शिवाय आपल्याकडची नावे इंग्रजीत कधी आद्याक्षरांसह तर कधी पूर्ण छापली जातात, म्हणून तो घेऊन ठेवावा.

नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातील निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात याचा आकडा) प्रत्येक निबंधासमोर लिहावा काय, असे मला नेहमी विचारले जाते. सॅन फ्रान्सिस्को येथे 2012 मध्ये चर्चा होऊन 2013 मध्ये जाहीर झालेल्या डोरा या जाहीरनाम्यात, नेमणुका करताना हा आकडा व्यक्तीच्या कामाचे माप म्हणून वापरू नये असे म्हटले आहे. ज्या विद्यापीठाने त्यावर सही केली आहे तेथे हे आकडे लिहिण्याने लाभ नाही. त्याऐवजी महत्त्वाच्या तीन-चार निबंधांखाली दोन ओळींत काय नवे सापडले ते लिहावे. काही संस्था आता कथनात्मक सीव्ही मागतात. लंडनच्या रॉयल सोसायटीने 2019 मध्ये सुचवलेल्या नमुन्यात ज्ञाननिर्मिती, व्यक्तींचा विकास, संशोधक समुदाय आणि व्यापक समाज या चार अंगांनी आपले योगदान मांडायचे असते. तेथे यादी चिकटवून भागत नाही.

सहावी पायरी: अर्जाचे पत्र

पत्राची लांबी एक पान, अध्यापकपदासाठी फार तर दोन. पहिल्या परिच्छेदात पद आणि आपली सद्यःस्थिती, मधल्या दोन-तीन परिच्छेदांत समासातील पुरावे, शेवटी या विभागातच का यावेसे वाटते याचे खरे कारण. मी वाचलेल्या अर्जांपैकी बहुसंख्य पत्रे ‘मला या विषयात विशेष रस असून मी मेहनती, अभ्यासू आणि गटात काम करण्यास उत्सुक आहे’ अशा वाक्यांनी भरलेली असत. यातील एकही शब्द खोटा नसतो, पण तो कोणत्याही उमेदवाराला लागू पडतो आणि म्हणून छाननीच्या तक्त्यात कोठेच बसत नाही.

मातीतील सूक्ष्मजीवांवरील एका प्रकल्पाची जाहिरात आहे असे धरून, त्याच उमेदवाराने पुढीलप्रमाणे लिहिले तर काय फरक पडतो ते पाहावे: ‘पीएचडीच्या काळात मी शेतजमिनीतील मातीच्या 140 नमुन्यांतून डीएनए वेगळा केला. ह्युमिक आम्लामुळे पीसीआर अडत होती. शुद्धीकरणाची एक जादा पायरी घालून आणि नमुने पातळ करून मी ती अडचण दूर केली, आणि आमच्या प्रयोगशाळेतील आणखी दोन विद्यार्थी आता हीच पद्धत वापरतात. विश्लेषण मी आर या भाषेत केले असून त्याचा कोड सर्वांसाठी खुला ठेवला आहे.’ या चार वाक्यांत प्रयोगकौशल्य, अडचणीतून मार्ग काढणे, इतरांना शिकवणे आणि माहितीचे विश्लेषण अशा चार अटींची उत्तरे आली, आणि ‘मेहनती’ हा शब्द न वापरताही मेहनत दिसली. असे लिहिण्यासाठी प्रतिभा लागत नाही, आपल्याच वहीत मागे जाऊन काय केले ते आठवावे लागते.

सातवी पायरी: संशोधन आराखडा आणि अध्यापनाविषयीचे टिपण

अध्यापकपदासाठी आणि वरिष्ठ पोस्टडॉकसाठी पुढील तीन ते पाच वर्षांचा संशोधन आराखडा मागितला जातो. आजवरच्या कामाचा सारांश पाव भागात आटोपून उरलेली जागा पुढच्या प्रश्नांना द्यावी. प्रत्येक प्रश्नासोबत तो का महत्त्वाचा, कोणत्या पद्धतीने हाताळणार, कोणती साधने लागणार, निधी कोणाकडे मागणार आणि पहिला मार्ग फसला तर दुसरा कोणता, हे असावे. हा आराखडा तुमच्या जुन्या मार्गदर्शकाच्या कामाची पुढची पाने वाटत असेल, तर समितीत ‘हे यांचे स्वतःचे किती’ हा प्रश्न निघतोच, म्हणून निदान एक धागा पूर्णपणे तुमचा असावा आणि तो तसा असल्याचे स्पष्ट लिहावे.

अध्यापनाच्या टिपणात तत्त्वे कमी आणि वर्ग अधिक असावा. विद्यार्थी एखाद्या संकल्पनेत कोठे अडखळतात, ते लक्षात आल्यावर तुम्ही काय बदलले आणि पुढच्या तुकडीत काय दिसले, असा एक प्रसंग नीट सांगितला की टिपणाचे काम होते. विभागाचा अभ्यासक्रम पाहून त्यातील कोणते दोन विषय तुम्ही लगेच शिकवू शकाल हेही लिहावे.

आठवी पायरी: शिफारसपत्रे

शिफारस देणारी व्यक्ती नावाने मोठी असण्यापेक्षा तुमचे काम जवळून पाहिलेली असावी. त्यांना विचारताना ‘पत्र द्याल का’ एवढे न विचारता ‘या पदासाठी ठाम शिफारस करणे आपल्याला शक्य आहे का’ असे विचारावे. ज्यांना संकोच असेल त्यांना नकार देण्यास त्यामुळे वाट मिळते, आणि मिळमिळीत पत्रापेक्षा असा नकार केव्हाही बरा. किमान तीन-चार आठवडे आधी सांगावे, सोबत जाहिरात, सीव्ही, पत्राचा मसुदा आणि त्यांनी विशेषतः कोणत्या कामाबद्दल लिहावे याचे चार ओळींचे टाचण द्यावे, आणि मुदतीच्या आठवडाभर आधी नम्रपणे आठवण करावी. पीएचडीच्या मार्गदर्शकांचे नाव यादीत नसेल, तर समितीच्या मनात प्रश्न येतो. संबंध बिघडलेले असतील, तर दुसऱ्या एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याने आपल्या पत्रात त्याचा संयत उल्लेख करणे हा त्यातल्या त्यात चांगला मार्ग आहे.

नववी पायरी: अर्ज दाखल करणे

माझा स्वतःचा एक अर्ज केवळ वेळेच्या गैरसमजामुळे गेला. तारीख मी बरोबर टिपली होती, पण परदेशातील त्या विद्यापीठाचे पोर्टल त्यांच्या स्थानिक वेळेनुसार दुपारी बारालाच बंद होणार होते आणि मी मध्यरात्र धरून चाललो होतो. तेव्हापासून मी तारखेसोबत तास आणि कालविभागही टिपतो आणि अर्ज दोन दिवस आधी पाठवतो. काही ठिकाणी ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ अशी मुदत असते, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेपेक्षा 12 तास मागे असलेल्या विभागात तो दिवस संपेपर्यंत अर्ज चालतो.

फाइलचे नाव, आकार आणि प्रकार सूचनेप्रमाणेच असावा, आणि अपलोड केलेली फाइल पुन्हा उतरवून उघडून पाहावी. पैशांबाबत सावध राहावे: काही सार्वजनिक विद्यापीठे अधिकृत पोर्टलवर पावतीसह अर्जशुल्क घेतात, ते वेगळे, परंतु मुलाखत न घेता नियुक्तीपत्र पाठवून व्हिसा किंवा ‘प्रक्रिया’ यासाठी कोणाच्या वैयक्तिक खात्यात रक्कम मागितली, तर ती फसवणूक आहे असेच समजावे.

दहावी पायरी: मुलाखत

पोस्टडॉकची मुलाखत बहुधा ऑनलाइन, 20 ते 30 मिनिटांच्या सादरीकरणासह होते. अध्यापकपदासाठी अनेक ठिकाणी पूर्ण दिवसाची भेट, विभागापुढे व्याख्यान, नमुना तास आणि स्वतंत्र भेटी असतात. अमेरिकेतील जीववैद्यकीय विभागांत ‘चॉक टॉक’ असतो, म्हणजे स्लाइडशिवाय फळ्यावर भविष्यातील संशोधन मांडायचे आणि मध्येच येणाऱ्या प्रश्नांना तोंड द्यायचे. त्याचा सराव आधी केला नसेल, तर उत्तम व्याख्याताही तेथे गोंधळतो.

समितीत तुमच्या विषयाचे एक-दोघेच असतात. बाकीचे शेजारच्या शाखांचे, कधी बाहेरचे सदस्य आणि कधी प्रशासनाचे प्रतिनिधी असतात. म्हणून पहिली तीन मिनिटे अशी बांधावीत की विषय न शिकलेल्या श्रोत्याला प्रश्न कोणता आणि तो सोडवणे का गरजेचे आहे हे कळेल. सराव करताना समोर आपल्या क्षेत्रातील मित्र न बसवता परक्या विषयातील कोणाला बसवावे आणि शेवटी त्यांना एकच विचारावे: मी काय शोधले, ते तुमच्या शब्दांत सांगा. त्यांचे उत्तर ऐकले की कोठे दुरुस्ती हवी ते समजते. ‘ठाऊक नाही, पण ते तपासायचे असेल तर मी अमुक करेन’ असे उत्तर देणारा उमेदवार समितीला पटतो. प्रत्येक प्रश्नाला काहीतरी बोलत राहणारा पटत नाही.

तुमच्याकडून प्रश्न मागितले जातात तेव्हा गप्प राहू नये. अध्यापनाचा भार दर सत्राला किती, मुदतवाढ कोणत्या निकषांवर, प्रयोगसाधनांचा वापर कसा वाटला जातो, आधी या पदावर असलेले लोक पुढे कोठे गेले, यांतील दोन प्रश्न पुरेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कसे दिले जाते, याकडे नीट लक्ष द्यावे.

अकरावी पायरी: नियुक्ती स्वीकारण्यापूर्वी

तोंडी होकार आला तरी लेखी पत्र हाती येईपर्यंत असलेली नोकरी सोडू नये. पत्रात मुदत, नेमणुकीची टक्केवारी, वेतनश्रेणी, परिविक्षाकाळ, रुजू होण्याची तारीख आणि स्थलांतराचा खर्च या बाबी तपासाव्यात. श्रेणी ठरलेली असली तरी तिच्यातील टप्पा पूर्वानुभवावर अवलंबून असतो, आणि तो अनुभव कागदपत्रांनी दाखवला तर धरला जातो. अमेरिकेतील अध्यापकपदासाठी प्रयोगशाळा उभारणीचा निधी, जागा आणि पहिल्या वर्षातील अध्यापनाची सूट यांवर बोलणी करण्याची वेळ हीच. सही झाल्यावर ती संधी उरत नाही.

परदेशी जायचे असेल तर पदवीच्या कागदपत्रांवर 1961 च्या हेग करारानुसार ॲपॉस्टिल (परदेशात ग्राह्य ठरणारे प्रमाणीकरण) घ्यावे लागू शकते, जर्मनीसाठी अनाबिन या माहितीकोशात आपले विद्यापीठ आणि पदवी कशी नोंदली आहे ते आधी पाहावे, आणि अमेरिकेचा जे-1 व्हिसा मिळणार असेल तर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट आपल्याला लागू होते काय हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला लेखी विचारावे. या कामांना आठवडे लागतात, म्हणून मुलाखत झाल्याबरोबर सुरुवात करावी.

निवड झाली नाही, तर नकाराचे पत्र आल्यावर समिती अध्यक्षांना किंवा संपर्क प्राध्यापकांना दोन ओळी लिहून अर्जातील कोणता भाग कमी पडला असे विचारावे. सर्वजण उत्तर देत नाहीत, पण युरोपातील 2005 च्या संशोधक भरती संहितेत उमेदवारांना आपल्या अर्जाच्या जमेच्या आणि उणीवेच्या बाजू कळवाव्यात असे म्हटले होते, त्यामुळे हा प्रश्न विचारणे आगाऊपणाचे मुळीच नाही. मिळालेले उत्तर त्या जाहिरातीच्या छापील प्रतीवरच, संबंधित अटीसमोरच्या समासात लिहून ठेवावे.

आणि निवड झाली, तर सही केल्याच्या दिवशीच दोन पत्रे लिहावीत. एक, शिफारस देणाऱ्या प्रत्येकाला, कारण त्यांनी तुमच्यासाठी वेळ काढलेला असतो आणि निकाल त्यांना इतर कोठून कळणार नसतो. दुसरे, ज्या ज्या विद्यापीठांत तुमचा अर्ज अजून विचाराधीन आहे त्यांना, अर्ज मागे घेत असल्याचे. तेथील प्रतीक्षायादीत तुमच्या खालोखाल असलेला कोणीतरी रोज आपली मेल उघडून पाहत असतो.